‘पानिपत’ चित्रपटाबद्दल लोकांची मतं इतकी टोकाची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ कोणी डोक्यावर घेतो, कोणी दहा मिनिटांत बंद करतो. अमळनेरात घरी आठवी-नववीतल्या मुलांसोबत पाहायचा आहे, तर मत कोणाचं धरायचं आणि इतिहास म्हणून भरवसा किती ठेवायचा?

आधी एक साधी गोष्ट. सगळ्यांनी एकच चित्रपट पाहिलेला नाही. ६ डिसेंबर २०१९ला तो लागला आणि पहिल्याच आठवड्यात राजस्थानात भरतपूरचे जाट राजे महाराजा सूरजमल यांच्या चित्रणावरून आंदोलन पेटलं. त्यानंतर निर्मात्यांनी सुमारे ११ मिनिटांचा भाग कापला. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाहिलेला माणूस आणि नंतर पाहिलेला माणूस भांडत असतील, तर दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता आहे. म्हणून कोणी मत दिलं की आधी विचारा, केव्हा पाहिला? सूरजमलचा भाग तुटक वाटला असं म्हणणाऱ्यानं बहुधा कापलेली प्रत पाहिली असणार.

आता मतांकडे. माझ्या हिशोबानं हा चित्रपट लोक चार वेगवेगळ्या काट्यांवर तोलतात आणि वजन वेगळं आलं की एकमेकांना खोटं ठरवतात.

पहिला काटा कादंबरीचा. मराठी घरात पानिपत म्हटलं की विश्वास पाटलांची १९८८ची ‘पानिपत’ आठवते. ज्यांनी ती वाचली आहे त्यांच्या डोक्यात सदाशिवराव भाऊ, इब्राहिमखान, दत्ताजी यांचे चेहरे आधीच पक्के बसलेले असतात. त्यात भाऊ झालेला अर्जुन कपूर बसत नाही, हा दोष दिग्दर्शकाचा की वाचकाचा हे ठरवणं अवघड आहे. कादंबरी न वाचलेल्या पोरांना तोच भाऊ चालून जातो.

दुसरा काटा ‘बाजीराव मस्तानी’चा. तो २०१५चा. सदाशिवराव हे चिमाजीअप्पांचे पुत्र आणि समशेरबहादूर मस्तानीचा, त्यामुळे प्रेक्षक पुढचा भाग पाहायला आल्यासारखा येतो. भन्साळींसारखा झगमगाट शोधणाऱ्याला गोवारीकर कोरडे वाटतात. नितीन चंद्रकांत देसाईंनी उभारलेला शनिवारवाडा, अजय-अतुलची गाणी, नीता लुल्लांचे पोशाख हे सगळं आहे, पण गोवारीकरांचा पिंड समजावून सांगण्याचा. ‘लगान’मध्ये त्यांनी क्रिकेटचे नियम जसे समजावले, तसे इथे ते राजकारण समजावत बसतात. ज्याला ते आवडतं त्याला पावणेतीन तासांहून जास्त लांबी खटकत नाही. इतरांचं म्हणणं आपल्या बोलीत सांगायचं तर ‘टाईम फुकट गया’.

तिसरा काटा अस्मितेचा, आणि आवाज इथेच सर्वांत चढतो. जाट परंपरेतला सूरजमल असा : त्यानं भाऊंना सल्ला दिला की बायकामुलं, यात्रेकरू आणि जड तोफा मागे सुरक्षित ठेवा, गनिमी काव्यानं लढा. भाऊंनी तो ऐकला नाही. पराभवानंतर जीव घेऊन परतणाऱ्या मराठ्यांना याच सूरजमलनं आणि राणी किशोरीनं आसरा, अन्न, कपडे दिले. या शेवटच्या गोष्टीबद्दल मराठी इतिहासकारही कृतज्ञच आहेत. आणि चित्रपटात तो मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागताना दिसला. राग का आला ते उघड आहे. तिकडे भाऊंचा शत्रू अहमदशहा अब्दाली हा अफगाणिस्तानात राष्ट्रपिता मानला जातो, त्यामुळे त्याला निव्वळ क्रूरकर्मा दाखवण्यावर तिकडूनही नाराजी आली. पेशवे नाचताना दाखवले म्हणून मराठी लोकही चिडले. प्रत्येकाचा आक्षेप आपल्या माणसापुरता. समोरच्याच्या माणसाचं काय झालं याची चौकशी कोणी करत नाही.

चौथा काटा इतिहासाचा, आणि तुमच्या मुलांसाठी तोच कामाचा, म्हणून यावर जरा थांबतो.

वयांपासून सुरुवात करा. सदाशिवरावांचा जन्म १७३०चा, लढाईच्या वेळी ते तिशीत. पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव अठरा वर्षांचे. अब्दालीचा जन्म १७२२च्या सुमाराचा मानतात, म्हणजे तोही चाळिशीच्या आतच. पडद्यावर मात्र अब्दाली झालेला संजय दत्त चित्रपट आला तेव्हा साठीचा होता. त्यामुळे तरुण भाऊ विरुद्ध म्हातारा, कसलेला राक्षस असं चित्र मनात बसतं. प्रत्यक्षात म्हातारा असलाच तर तो आपल्याच बाजूला होता : मल्हारराव होळकर, पासष्टी ओलांडलेले. पार्वतीबाई या भाऊंच्या दुसऱ्या पत्नी, पहिल्या उमाबाई. चित्रपटातली प्रेमकथा ही लेखकाची सोय समजा आणि पुढे चला.

मग नकाशा. हे कागदावर काढून दाखवलं नाही तर दुसरा अर्धा भाग कळत नाही. भाऊ उदगीरची लढाई जिंकून मराठवाड्यातल्या परतुराहून मार्च १७६०मध्ये निघाले. (त्याच उदगीरच्या तहात निजामाकडून बुऱ्हाणपूर आणि असीरगड मराठ्यांना मिळाले, म्हणजे आपल्या खानदेशाची जुनी राजधानीच.) पुढे बुऱ्हाणपूर, सिरोंज, ग्वाल्हेर असं करत ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली घेतली. परतूर ते दिल्ली बाराशे किलोमीटरच्या आसपास, दिवस एकशे चाळीस; मुक्काम धरून सरासरी आठ-नऊ किलोमीटर. पावसाळ्यात यमुनेला पूर, म्हणून अब्दाली पलीकडे आणि भाऊ अलीकडे अडकून. ऑक्टोबरात भाऊंनी दिल्लीच्या उत्तरेला जाऊन कुंजपुरा घेतला. तेवढ्यात २५-२६ ऑक्टोबरला अब्दाली बागपतजवळ नदी उतरला. आता कागदावर तीन ठिपके मांडा : वर पानिपतला मराठे, मध्ये अब्दाली, खाली दिल्ली. परदेशातून आलेला अब्दाली दक्षिणेला आणि दक्षिणेतून आलेले मराठे उत्तरेला. घराकडचा रस्ता शत्रूच्या छावणीतून. ही उलटापालट मुलांना समजली की निम्मा चित्रपट समजला.

आणि आता ज्या गोष्टीला चित्रपटानं सर्वांत कमी वेळ दिला आणि जिच्यावर माझ्या मते सगळं अवलंबून होतं, ती म्हणजे दाणावैरण. टंचाई चित्रपटात येते, पण ओझरती. शेतकऱ्याच्या घरात हा हिशोब पाच मिनिटांत होतो, मुलांकडून करून घ्या. लढणारे, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं मिळून फक्त एक लाख तोंडं धरा (खरा आकडा याहून मोठा असल्याचं बहुतेक जण मानतात). माणशी सहाशे ग्रॅम धान्य म्हणजे रोजचं सहाशे क्विंटल. बैलाच्या पाठीवर सव्वा क्विंटल गोणी धरली तर पावणेपाचशे-पाचशे बैल रोज छावणीत यायला हवेत. आता घोडे. पन्नास हजार घोडी धरा. घोड्याला दिवसाला दोन किलो हरभरा किंवा दाणा आणि सहा ते आठ किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे दाणा हजार क्विंटल, चारा तीन-चार हजार क्विंटल. आजचा दहा टनी ट्रक शंभर क्विंटल नेतो, म्हणजे घोड्यांसाठीच रोज चाळीस-पन्नास ट्रक. हत्ती, उंट, तोफा ओढणारे बैल अजून मोजलेच नाहीत. माणसापेक्षा जनावर जास्त खातं, आणि जनावर उपाशी तर घोडदळ पायदळ होतं. हे अडीच महिने चालवायचं, दिल्लीची वाट बंद असताना. गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडत होते, ते डिसेंबरात मारले गेले. पैशाची तीच गत : दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली होती. सूरजमल बिथरण्याचं तेही एक कारण सांगतात. त्यामुळे १४ जानेवारी १७६१ला भाऊ लढायला निघाले ते जोशात नाही, छावणीत उपाशी मरण्यापेक्षा अब्दालीची फळी फोडून दिल्लीची वाट धरावी म्हणून.

ज्यांना हे माहीत आहे त्यांना चित्रपट पोकळ वाटतो. ज्यांना माहीत नाही त्यांना तो शूरांची शोकांतिका म्हणून भिडतो. खोटं कोणीच बोलत नाही. कॅमेऱ्याला तलवार दिसते, रिकामी गोणी दाखवायला धाडस लागतं. ते धाडस गोवारीकरांनी केलं नाही, ही माझी त्यांच्यावरची खरी तक्रार. नाचाची नाही.

लढाई सुरू होण्याआधी चित्रपट थांबवा आणि फळ्या समजावून सांगा, नाहीतर पडद्यावर नुसती धूळ दिसते. मराठ्यांचा बेत गोलाच्या लढाईचा, म्हणजे फळी न मोडता एकत्र सरकत जाण्याचा. डाव्या बाजूला इब्राहिमखान गारदी तोफा आणि कवायती पायदळासह, त्याच्याजवळ दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर. मध्यभागी भाऊ, विश्वासराव आणि हुजुरातीचं, म्हणजे पेशव्यांचं खास, घोडदळ. उजवीकडे शिंदे, होळकर. गारद्यांनी सकाळी समोरच्या रोहिल्यांना झोडपून काढलं. पण घोडदळाची सवय सुटत नाही : विजय दिसताच गायकवाड-विंचूरकरांचे स्वार गोल मोडून पुढे धावले आणि आपल्याच तोफांच्या समोर आले. तोफा गप्प, स्वार बंदुकीच्या टप्प्यात. दुपारनंतर अब्दालीनं राखीव फौज आणि उंटांवरच्या जंबुरक्या (हलक्या तोफा) पुढे आणल्या. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून मागच्यांना वाटलं, सेनापती पडला. उपाशी फौजेला पळायला एवढं पुरतं. होळकर वेळेआधी निघाले की शहाणपणानं निघाले, यावर मराठीत अडीचशे वर्षं वाद आहे. तो घरात सुरू करू नका, जेवण थंड होईल.

एक फाटा. लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, आणि म्हणून ‘संक्रांत कोसळली’, असं तुमच्या घरातही कोणी म्हणेल. तारीख १४ जानेवारी खरी, पण त्या वर्षी संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. संक्रांतीची इंग्रजी तारीख साधारण सत्तर वर्षांत एका दिवसानं पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा आणि त्या दिवशी संक्रांत होती, यावरून आणखी शंभर वर्षं मागे मोजून पाहा. ‘भाऊगर्दी’ हा शब्द मात्र थेट पानिपतावरूनच आलेला सांगतात.

पाहण्याची सोय : एका बैठकीत पाहू नका. फौज पुण्याकडून दिल्लीकडे निघते तिथपर्यंत पहिला दिवस. नकाशा काढून उरलेला दुसऱ्या दिवशी. मोबाईलवर तर नकोच. दूरच्या दृश्यांत फौजा मुंग्यांएवढ्या दिसतात आणि लढाईच्या गोंगाटात संवाद बुडतात. टीव्हीला आवाजाची ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ सेटिंग असेल तर ती बदलून ‘क्लिअर व्हॉइस’सारखी करा, त्यात तोफा थोड्या दबतात पण बोलणं ऐकू येतं. हिंदी उपशीर्षकं चालू ठेवलीत तर नावांचा गोंधळ कमी होतो. शहावलीखान, शुजा, नजीब ही अब्दालीच्या बाजूची नावं मुलांच्या कानांवरून नुसती घसरतात. मारामारीत रक्त आहे, आठवीतल्या मुलाला झेपेल, लहान भावंडांना झोपवून घ्या.

आणि मुलांना गोडी लागलीच, तर पानिपतला जायची गरज नाही. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी धरली की बुऱ्हाणपूर तास-दीड तासाच्या आत येतं. भाऊंची फौज याच वाटेनं उत्तरेला गेली. तापीकाठचा शाही किल्ला आधी उरका, मग वीसेक किलोमीटरवरचा असीरगड. किल्ल्यावर पाणी आणि सावली बेताची, म्हणून सकाळी लवकर चढा आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी सोबत ठेवा. वरून उत्तरेकडे पाहिलं की सातपुड्यातली खिंड दिसते. दख्खनातून हिंदुस्थानात जाणारी फौज याच खिंडीतून जायची. तिथे मुलांना घोड्यांच्या चाऱ्याचा हिशोब पुन्हा करायला लावा.