काडी तपासून घेतोच की!

पत्र

मावशी, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली. घरी द्राक्षबाग, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि चार वर्षांची लेक. मला पुन्हा दिवस गेलेत, दहावा आठवडा चालू आहे. पहिलं सिझर झालंय.

नणंदबाई न्यू जर्सीला असतात. त्यांच्या वेळी रक्ताच्या तपासणीवरून दहाव्या आठवड्यातच मुलगा आहे ते कळलं. केक कापला, आतून निळं क्रीम निघालं, आम्ही सगळ्यांनी इकडून व्हिडिओवर टाळ्या वाजवल्या. आता त्या गणपतीला येणार आहेत आणि येताना तसलं किट आणते म्हणतात. रक्त इथं घ्यायचं, तिकडच्या लॅबला पाठवायचं, निकाल त्यांच्या मेलवर.

आमचे हे म्हणतात, पाडायचं वगैरे मनातसुद्धा नाही, मुलगी असली तरी आपलीच. फक्त आधी कळलं तर सिझरच्या वेळीच ऑपरेशन करून टाकायचं की नाही ते ठरवता येईल. ‘बागेची काडी तपासून घेतोच की, मग यात काय?’ आत्या (म्हणजे सासूबाई) काही बोलत नाहीत, पण किट कितीला पडतं हे त्यांनी वन्संना फोनवर विचारलं. खरं सांगू, मलाही कळून घ्यावंसं वाटतंय. तिकडं जे राजरोस चालतं ते इकडं गुन्हा कसं? आणि मी नको म्हटलं तर घरात वाकडं येईल. काय करू?

उत्तर

पोरी, जावईबापूंच्या काडीपासूनच सुरुवात करते, कारण नकळत का होईना, मुद्द्याचं तेच बोललेत. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर काड्या प्रयोगशाळेत कशाला नेतात? डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, घड कितव्या डोळ्यात आहे, आणि मग कात्री कुठं लावायची ते ठरवतात. नुसतं ‘कळावं’ म्हणून तुमच्या तालुक्यात कुणी काडी तपासल्याचं मी ऐकलेलं नाही. पुढं छाटणी असते, म्हणून आधी तपासणी असते.

ते पाडायला निघालेत असं मी म्हणत नाही. तू त्यांना ओळखतेस, तुझा विश्वास आहे, माझाही बसला. पण त्यांनी स्वतःच सांगितलंय की कळल्यावर एक गोष्ट ठरणार आहे. मुलगा असला तर ऑपरेशन. आणि मुलगी असली तर? ते वाक्य तुझ्या पत्रात नाही. मी पुरं करते: मुलगी असली तर ऑपरेशन नाही, म्हणजे आणखी एक खेप, म्हणजे तुझं तिसरं सिझर. दर सिझरगणिक वार, म्हणजे प्लॅसेंटा, जुन्या व्रणाला चिकटून बसण्याचा धोका वाढतो, टेबलावर रक्तस्राव आटोक्यात येत नाही, कधी पिशवीच काढावी लागते. हे सगळं त्या केकच्या आत आहे, आणि ते निळं-गुलाबी नाही.

आपल्याकडं सिझरच्या खोलीबाहेर अजून हे ऐकू येतं. सिस्टर दार किलकिलं करून विचारते, ‘ऑपरेशन करायचंय ना?’ आणि बाहेरचा माणूस म्हणतो, ‘आधी काय झालंय ते सांगा की!’ आत पोट उघडं, आणि बाहेर हिशेब चाललेला. जावईबापूंना एवढंच हवंय की हा प्रश्न सहा महिने आधी सुटावा. तर सोडव. या आठवड्यातच बसून ठरवा: दोन पुरेत की तिसरं हवं. उत्तर काहीही निघो, पण ते पोटात कोण आहे हे न विचारता निघालं पाहिजे. आणि दोन पुरेत असं ठरलं, तर पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपी असते, टाकासुद्धा न घालता होते. हे त्यांना सांग. चेहरा बघण्यासारखा होईल.

आता तुझं. तुलाही कळून घ्यावंसं वाटतं, आणि ते लिहिताना तू जरा चोरटी झालीस. व्हायचं काही कारण नाही. पोटातल्या जिवाबद्दल आईला उत्सुकता नसेल तर कुणाला असावी? पोट टोकदार की पसरट, आंबट खावंसं वाटतं की गोड, यावरून बायका पिढ्यान् पिढ्या अंदाज बांधत आल्यात, आणि निम्म्या वेळा त्यांचा अंदाज बरोबर येतो! (निम्म्याच वेळा का, ते तू विचारणार नाहीस.) माझं शरीर, माझं बाळ, मग माहिती माझी का नाही, हा प्रश्न खोटा नाही. त्याला थातूरमातूर उत्तर देणार नाही.

पण ही माहिती तुझ्याकडं राहणार आहे का? निकाल वन्संच्या मेलवर. तिथून नवऱ्याला, नवऱ्याकडून आत्यांना, आत्यांकडून गल्लीला. तुला सगळ्यांत शेवटी कळेल. मुलगा निघाला तर उद्यापासून ‘भाऊ येणार, भाऊ येणार’ हे तुझ्या लेकीच्या कानावर पडेल, आणि चार वर्षांच्या पोरीला बरोबर कळतं की आपल्या वेळी असं काही नव्हतं. मुलगी निघाली तर कुणी वाईट बोलणार नाही. चांगलं घर आहे तुमचं. फक्त डोहाळजेवणाचा मांडव जरा लहान होईल, पेढ्यांचा विषय निघणार नाही, आणि येणारी-जाणारी ‘असू दे, पुढच्या वेळी’ म्हणेल. सहा महिने ते ऐकत बाळंतपणाला जायचं. तुझ्या हातात येईल ती माहिती नसेल, त्या माहितीवरची इतरांची तोंडं असतील.

तिकडं चालतं ते इकडं का नाही, याचंही उत्तर इथंच आहे. तिकडची माणसं जास्त शहाणी म्हणून नव्हे. तिकडं बहुतेक घरांत त्या बातमीनं भिंतीचा रंग बदलतो, बाकी काही बदलत नाही. आणि जिथं आपल्यासारखा ओढा आहे तिथं तिकडंही बदलतं: अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेवरून झालेल्या अभ्यासात भारतीय, चिनी, कोरियन कुटुंबांत पहिल्या मुली असतील तर पुढच्या खेपेला मुलग्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त दिसलं. विमानात बसल्यावर सगळंच मागं राहतं असं नाही. आपल्या सांगलीत २००१ साली सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८५१ मुली होत्या, २०११ साली ८६७. निसर्गाच्या हिशेबानं त्या साडेनऊशेच्या आसपास असायला हव्यात. त्या कमी पडलेल्या पोरींच्या घरांतही कुणी राक्षस राहत नव्हते. प्रत्येकाची सुरुवात ‘फक्त कळू दे’ अशीच झाली असणार.

उलट बाजूनेही विचार झालाय, तोही सांगते. २०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी सुचवलं होतं की सगळ्याच गर्भांचं लिंग तपासा, नोंद ठेवा, म्हणजे मुलीचा गर्भ नाहीसा झाला तर कळेल. कागदावर छान वाटतं. पण त्यात पाळत कुणावर? पोटुशीवर. नैसर्गिक गर्भपात झालेल्या बाईनंही मग सरकारी दारात खुलासा देत बसायचं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही.

कायद्याचं थोडक्यात. याबाबत देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये; देशाचा १९९४ चा, २००३ पासून आणखी कडक. लोकांना वाटतं तो सोनोग्राफीपुरता आहे. तसं नाही. गर्भवतीच्या रक्ताची तपासणीही त्यात स्पष्ट येते. शिवाय गर्भाचं लिंग शब्दानं, खुणेनं किंवा आणखी कशानंही कुणीही कुणाला सांगायचं नाही, असं त्यात आहे. कुणीही म्हणजे नुसता डॉक्टर नव्हे. वन्संच्या मेलमधला निळा फुगासुद्धा खूणच. तपासणीचा आग्रह धरणाऱ्या नवऱ्याला, नातेवाइकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बाईच्या बाबतीत मात्र कायदा आधी असंच धरून चालतो की तिला घरच्यांनी भाग पाडलं. हिमोफिलियासारखा लिंगाशी जोडलेला आनुवंशिक आजार घरात असेल तर त्यासाठीच्या तपासणीला परवानगी आहे, पण तुमच्याकडं तसलं काही नाही.

आणि त्या किटवर एवढी भिस्त ठेवू नका. बाळाच्या डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात, हे डेनिस लो या शास्त्रज्ञाच्या गटानं १९९७ मध्ये दाखवलं, त्यावर हे सगळं उभं आहे. तपासणी शोधते वाय गुणसूत्राचे तुकडे. सापडले तर मुलगा, नाही सापडले तर मुलगी. म्हणजे नमुन्यात बाळाचा डीएनए पुरेसा नसला तरी उत्तर ‘मुलगी’च येणार, आणि घरी रक्त घेताना जावईबापूंचा हात नळीला लागला तर ‘मुलगा’ येऊ शकतो! हा वाय बापाकडूनच येतो, हेही जाता जाता घरात एकदा मोठ्यानं बोलून टाक. कुणाच्या तरी कानावर पडेल.

किटवरचं उत्तर आलं की पुढची वाट दाखवणारा कुणीतरी भेटतोच, हे सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एक बाई गर्भपातात दगावली, तपास सुरू झाला आणि ओढ्याकाठी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पुरलेले १९ गर्भ निघाले. तुझं घर तिथवर जाईल असं मला वाटत नाही. पण तिथं गेलेल्यांपैकी एकीला तरी लग्नाच्या दिवशी तसं वाटलं असेल का?

आता करायचं काय. किट घरात येण्याआधी बोल. आलेली वस्तू नाकारणं जड जातं. वन्संनी पैसे घालून, सामानात जपून आणलेली, मग तू कृतघ्न ठरतेस. आजच फोन लाव. फार लांबण लावू नकोस: ‘वन्सं, तुम्ही प्रेमानं आणताय, पण मी रक्त देणार नाही. इकडं हा गुन्हा आहे, आणि तुमच्यावर बालंट यायला नको.’ शेवटचं वाक्य खरंही आहे आणि उपयोगाचंही. परदेशी राहणारी माणसं पोलिसांच्या कागदाला आपल्यापेक्षा जास्त घाबरतात. किटऐवजी लेकीसाठी चित्रांची पुस्तकं आणायला सांग. नणंदेला भाचीसाठी काहीतरी आणायचंच असतं.

जावईबापूंशी बोलताना कायद्यापेक्षा ऑपरेशनचा विषय काढ, कारण गाठ तिथं आहे. आणि आत्यांना लगेच खलनायिका करू नकोस. त्यांनी किंमत विचारली, हुकूम नाही दिला. त्यांच्या पिढीत, इथं आमच्या साताऱ्यात, तिसऱ्या-चौथ्या मुलीचं नाव ‘नकुशा’ ठेवत, म्हणजे पुढचा मुलगा होतो म्हणे. २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम केला. काही तर चांगल्या मोठ्या पोरी होत्या, त्यांनी आपली नावं आपण निवडली. आत्यांना कधी निवांत विचार, तुमच्या बाळंतपणात काय काय ऐकावं लागलं. बोलतील. एकदा बोलल्या की तुझ्या बाजूला येण्याची शक्यता मला तरी बरीच वाटते. नाहीच आल्या आणि घरातलं वाकडं हातापायीवर, उपासमारीवर, माहेरी धाडण्याच्या धमकीवर गेलं, तर १८१ वर फोन कर आणि मला परत लिही. मग मी वेगळ्या आवाजात उत्तर देईन.

एक काळजी मात्र आहे. या भानगडीत सोनोग्राफीच नको असं मनात आणू नकोस. तुला एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) आणि सोबतची रक्ततपासणी करून घ्यायची आहे, ती बाळाच्या तब्येतीसाठी. अकरा आठवड्यांपासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच ती होते. तिथं ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी असेल आणि एक फॉर्म पुढं येईल. बाळाचं लिंग मला जाणून घ्यायचं नाही, असं त्यावर तुझ्या सहीनं लिहून द्यायचं असतं. बहुतेक जणी न वाचताच सही ठोकतात. तू वाच, जावईबापूंनाही वाचायला दे, आणि मग सही कर. तुझे आठवडे मोजले तर ही तारीख नेमकी गणपतीच्या गडबडीत येते, तेव्हा आत्ताच फोन करून वेळ घेऊन ठेव.

— मावशी, सातारा