पोळ्या करणाऱ्या मावशींसोबत थाण्यात गेलेली मुलगी

ताई, नमस्कार. तुमचं पत्र वाचलं आणि आधी हेच सांगते की तुमच्या लेकीचं मला मनापासून कौतुक वाटलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. इंदूरच्या सुदामा नगरातलं घर, मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, पुढे सीए करायचं ठरलेलं. दोन महिन्यांपूर्वी घरी पोळ्या करणाऱ्या मावशींचा हात त्यांच्या नवऱ्याने मोडला, ही पोरगी त्यांना घेऊन आधी दवाखान्यात, मग पोलीस थाण्यात गेली, रात्री साडेअकराला घरी आली आणि तेव्हापासून म्हणते सीए नको, एलएलबी करून अशा बायकांना फुकट मदत करणार. तिचे बाबा विचारतात फुकट काम करून घर चालतं का, आणि तुम्ही विचारताय की हे करिअर आहे की चार दिवसांचं वेड.

आधी त्या ‘फुकट’चं बघू. मदत फुकट असते ती पीडितेला, वकिलाला नाही. गरजूंना मोफत वकील देणारं सरकारी विधी सेवा प्राधिकरण असतं, त्याचा कायदा 1987 चा, लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला, आणि त्यातून जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरण उभं राहिलं, इंदूरलाही आहे. बाईमाणूस असेल किंवा लहान मूल असेल तर उत्पन्न किती हे विचारतच नाहीत, अर्ज केला की वकील मिळतो. 15100 हा त्यांचा फोन नंबर, घरातल्या सगळ्यांनी सेव्ह करून ठेवावा असा. पण एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, ‘गुन्ह्यातला पीडित’ असा सरसकट गट त्या कायद्यात नाहीये. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, मानवी तस्करीत सापडलेले, अपंग असे गट आहेत, आणि साध्या घरातला एखादा माणूस मार खाऊन आला तर त्याला मात्र उत्पन्नाची मर्यादा लागते.

या केसेस प्राधिकरणाच्या पॅनलवरचे, म्हणजे यादीतले वकील चालवतात, त्यांना केसप्रमाणे मानधन मिळतं. पॅनलवर यायला साधारण तीन वर्षांची वकिली लागते आणि ते मानधन थोडंच असतं, त्यावर घर चालणार नाही, तिच्या बाबांचं तेवढं बरोबर आहे. 2022 च्या योजनेने जिल्ह्याजिल्ह्यात पूर्णवेळ पगारी वकील नेमायला सुरुवात झाली, पण त्या जागा आरोपीच्या बचावासाठी आहेत. ते कामही गरजेचंच आहे हो, गरीब आरोपीलाही वकील हवाच, पण तुमच्या मुलीला जे करायचंय ते हे नाही, म्हणून जाहिरात बघून गोंधळ नको.

आता ती ज्या जागी उभी राहू बघतेय ती जागा नेमकी कुठली ते सांगते, कारण हे बऱ्याच लोकांना कोर्टात गेल्यावरच कळतं. फौजदारी केस ही सरकार विरुद्ध आरोपी अशी असते. सरकारी वकील सरकारचा, आरोपीचा वकील आरोपीचा, आणि जिच्यावर बेतलं ती बाई कागदावर फक्त साक्षीदार. एका बाईंसोबत मी अशी दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेय. सकाळी साडेदहाला आलो, त्यांच्या मांडीवर दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एफआयआर, घड्यांवर शाई उडालेली, दर अर्ध्या तासाने त्या तो उघडून बघायच्या आणि परत ठेवायच्या, वाचता येत नव्हतं तरी. चार वाजता कळलं की तारीख सकाळीच पुढची पडली होती. सांगायला कुणी आलंच नाही. त्यांनी माझं पेन मागितलं आणि पुढची तारीख तळहातावर लिहून घेतली. ताई, तो दिवस मी विसरलेले नाही आणि तुमच्या मुलीचं पत्रातलं वर्णन वाचून पहिलं तेच आठवलं.

पीडितेच्या बाजूने वकील असेल तर तो सरकारी वकिलाला मदत करू शकतो, साक्षी संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी म्हणणं देऊ शकतो. आरोपी सुटला तर पीडितेला स्वतः अपील करता येतं. 2022 मध्ये लखीमपूर खीरीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर बाजू मांडायचा हक्क आहे, जामिनाच्या सुनावणीतसुद्धा. आणि नुकसानभरपाईचं तर बहुतेकांना माहीतच नसतं, आरोपी सापडला नाही तरी पीडित किंवा तिच्यावर अवलंबून असलेले लोक जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम 396 आहे. हक्क कायद्यात आहेत पण अर्ज कुणीतरी लिहायला हवा ना, कागद जोडायला हवेत, चार चकरा मारायला हव्यात. या कामातला मोठा भाग हाच असतो, कोर्टात भाषण करणं फार थोडं.

बी.कॉम. वाया जाईल ही तुमची भीती मला पटत नाही. उलट सांगते, पोटगीच्या केसमध्ये नवरा म्हणतो माझं उत्पन्न काहीच नाही. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायलाच हवं असं सांगितलं. आता ते शपथपत्र, बँकेचं स्टेटमेंट, जीएसटीचे कागद समोर ठेवून कुठे काय लपवलंय हे बघायला कोण बसणार? ज्याला ताळेबंद वाचता येतो तो. ही मुलगी तिथे दहा जणांत उठून दिसेल. तिने बी.कॉम. चांगल्या मार्कांनी पूर्ण करावं, मग तीन वर्षांचं एलएलबी, जनरलला ग्रॅज्युएशनला 45 टक्के लागतात, इंदूरात राहूनच होतं, घर सोडायची गरज नाही. मग सनद, बार कौन्सिलची परीक्षा, आणि फौजदारी काम करणाऱ्या एखाद्या चांगल्या सीनियरकडे तीन-चार वर्षं. त्या वर्षांत घरचा आधार लागेल, हे आत्ताच घरात बसून मोकळेपणाने बोलून घ्या. पुढे रोजीरोटीसाठी चेक बाऊन्स, अपघाताचे क्लेम, कुटुंब न्यायालयाची नेहमीची कामं करायची आणि त्यासोबत पीडितांच्या केसेस घ्यायच्या, मी ज्यांना हे वर्षानुवर्षं टिकवताना पाहिलंय ते सगळे असंच करतात. सरकारी वकील व्हायचा रस्ताही आहे, मध्य प्रदेशात एडीपीओची, म्हणजे सहायक जिल्हा सरकारी वकिलांची, भरती एमपीपीएससी म्हणजे राज्याचा लोकसेवा आयोग करतो.

वकिली नकोच वाटली तरी हे दार बंद होत नाही. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसमध्ये मुलासोबत शेवटपर्यंत राहणारी सपोर्ट पर्सन असते, 181 या महिला हेल्पलाइनवरून जोडलं जाणारं, अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणारं वन स्टॉप सेंटर आहे, तिथे समाजकार्य शिकलेली माणसं लागतात आणि इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क तर आपल्याच गावात 1951 पासून आहे.

मला काळजी वेगळीच आहे आणि ती तुम्ही पत्रात विचारलेली नाही. उद्या मावशी म्हणतील मला केस नको, मी घरी परत जाते, पोरांचं काय करू. असं खूपदा होतं. तेव्हा या मुलीला वाटेल की आपण एवढं धावलो आणि बाईंनी पाणी फेरलं. तिला तेव्हा रागवू देऊ नका. निर्णय त्या बाईचा, राहायचंय तिला त्या घरात, आपलं काम रस्ते दाखवायचं आणि ती परत आली तर दार उघडं ठेवायचं. हे ज्याला जमतं तोच इथे राहतो, कायदा तर शिकता येतो. रोज असं ऐकून स्वतःची झोप उडते तेही खरंय, म्हणून घरी आल्यावर तिचं ऐकणारं कुणी हवं, आणि ते तुम्ही आहात.

वेड आहे की नाही ते तपासायला सहा महिने पुरेत. परीक्षा झाली की तिला जिल्हा प्राधिकरणात पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे लोकांना कायद्याच्या कामात मदत करणारी स्वयंसेवक, व्हायचं आहे म्हणून चौकशी करू दे, त्याला वकील असावं लागत नाही. जिल्हा कोर्टात चार-पाच सकाळी नुसती बसू दे, बलात्काराच्या केसेस बंद दाराआड चालतात पण बाकीचं कामकाज खुलं असतं. त्यानंतरही तिला हेच करायचं असेल तर फॉर्म भरा.

आणि आज संध्याकाळी तिला एवढं विचारा की मावशींकडे एफआयआरची कॉपी आहे का. नसेल तर दोघींना उद्याच थाण्यात पाठवा, ती त्यांना फुकट द्यावी लागते.