खडी क्रशरवर बोट ठेवण्याआधी वहीत दोन रकाने जास्त आखा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दिवाळीच्या आधीपासून तुमच्या पेठेत आणि मागच्या दोन गल्ल्यांत मिळून वीस-बावीस जणांना अचानक खोकला आणि धाप लागते आहे, काहींना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली, डॉक्टर ‘व्हायरल आहे’ एवढंच सांगतात, आणि आता गावाबाहेरच्या खडी क्रशरविरुद्ध तहसीलदारांना निवेदन द्यायचं घाटतंय. सह्या कशा गोळा कराव्यात, असं तुम्ही विचारलंत. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात होतो आणि त्यातली बरीचशी साथींच्या मागे गावोगाव फिरण्यात गेली. त्यावरून सांगतो, सह्या आठ-दहा दिवस थांबू द्या. वही मात्र आजच सुरू करा.

त्याआधी एक. ज्याला एक वाक्य सलग बोलता येत नाही, ज्याचे ओठ निळसर दिसतात, जे लेकरू श्वास घेताना बरगड्या आत ओढतंय, त्याच्यासाठी १०८ला फोन लावा. त्याची नोंद दुसऱ्या दिवशीही करता येईल. ज्यांना आधीपासून दमा आहे त्यांचा पंप उशाशी हवा, आणि तो संपत आलाय का हे आजच बघायला सांगा.

आता वही. आमच्या खात्यात तिला लाइन लिस्ट म्हणतात. एका रुग्णाला एक ओळ: वय, स्त्री की पुरुष, घर कुठल्या गल्लीत, काम काय, ताप होता का, आधी दमा होता का, घरात आणखी कुणाला झालं का, आणि त्रास कुठल्या तारखेला किती वाजता सुरू झाला. त्या वेळी माणूस कुठे होता, हाही एक रकाना ठेवा. पेठेत घर असलेला माणूस दिवसभर मोंढ्यात बसत असेल, तर नुसता घराचा पत्ता लिहून आपण चुकीच्या जागी खूण करून ठेवतो.

वहीत कुणाला घ्यायचं हे पहिल्याच पानावर लिहून ठेवा. उदाहरणार्थ, ‘१ ऑक्टोबरनंतर अचानक धाप लागली किंवा छातीत घरघर झाली आणि त्यासाठी दवाखान्यात जावं लागलं असा, या तीन गल्ल्यांत राहणारा किंवा काम करणारा माणूस.’ हे का सांगतो, तर एकदा गावात चर्चा सुरू झाली की प्रत्येक खोकला त्याच यादीत येऊन बसतो. आजोबांचा वीस वर्षांचा बिडीचा खोकलाही येतो. मग आकडा फुगतो, पण त्यातून काही उमगत नाही. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात खोकला दरवर्षीच वाढतो, सुगीची धूळ असते, फटाके असतात, थंडी पडायला लागते. म्हणून तुमच्या डॉक्टरांना विनंती करा की मागच्या वर्षीच्या याच आठवड्यांचं ओपीडी रजिस्टर उघडून धापेचे रुग्ण मोजू द्या. मेडिकलवाल्यांना विचारा, पंप आणि वाफेची औषधं नेहमीपेक्षा जास्त जाताहेत का. यंदा खरंच वाढ आहे की नाही, हे याच दोन ठिकाणी कळेल.

सगळ्यात मोलाचा रकाना वेळेचा. माझी एक चूक सांगतो, आजही तिची टोचणी आहे. एका वाडीत लहान मुलांचा खोकला महिनाभर हटेना. वाडीला लागून वीटभट्टी होती, गावकरी भट्टीकडे बोट दाखवत होते आणि मलाही ते पटलं. मी भट्टीवर दोन चकरा मारल्या, अहवाल लिहायला घेतला. दहा दिवस त्यातच गेले. आमच्या नर्सबाईंनी मात्र गुपचूप तारखा मांडल्या होत्या. एका घरात पहिलं मूल खोकायला लागलं की आठ-दहा दिवसांनी भावंड, मग त्याच अंगणवाडीतलं शेजारचं मूल. भट्टीचा धूर असा पायरी-पायरीने चढत नाही, तो ज्या दिवशी वाडीवर येतो त्या दिवशी सगळ्यांनाच एकदम गाठतो. तो निघाला डांग्या खोकला, आणि त्या दहा दिवसांत तो आणखी तीन घरांत गेला. तेव्हापासून कुठल्याही साथीत मी आधी तारखांचा आकार पाहतो. घरागणिक टप्प्याटप्प्याने वाढणारा आजार माणसाकडून माणसाकडे जात असण्याची शक्यता जास्त. एकाच संध्याकाळी, एकमेकांशी संबंध नसलेल्या घरांत, काही तासांच्या अंतराने उमटणारा आजार बहुधा एकाच ठिकाणाहून आलेला.

तुम्ही लिहिलेल्या एका ओळीवर माझं लक्ष अडकलं, ‘ठरावीक रात्रीच जास्त होतं, मधले चार-पाच दिवस काहीच नसतं.’ हे वाचताना मला बार्सिलोना आठवलं.

स्पेनमधलं हे बंदराचं शहर. १९८१ ते १९८७ या काळात तिथे अधूनमधून एखादा दिवस असा उगवायचा की रुग्णालयांचे तातडीचे विभाग दम्याच्या रुग्णांनी भरून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं शांत. रुग्ण मुख्यतः मोठी माणसं, मुलं फार थोडी, आणि झटका इतका जोराचा की काहींना श्वासासाठी यंत्रावर ठेवावं लागे. असे २६ दिवस नोंदले गेले. त्या दिवसांत ६८७ माणसं आजारी पडली आणि २० मृत्यू या साथींशी जोडले गेले. संशय आधी गेला शहराच्या प्रदूषित हवेवर, नायट्रोजन डायऑक्साइडसारख्या वायूंवर. मोठ्या शहरात तो संशय स्वाभाविकच होता.

जोसेप मारिया आन्तो, जोर्दी सुन्येर आणि त्यांचे सहकारी संशोधक यांनी रुग्ण वेळेनुसार आणि जागेनुसार मांडले. वेळ काही तासांत गोळा झालेली दिसली, आणि जागा बंदराच्या बाजूला बोट दाखवायला लागल्या. पण बंदरात हजार गोष्टी चालतात. मग त्यांनी बंदराची दप्तरं काढली. १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांत कुठल्या दिवशी जहाजातून कुठला माल उतरला, हे साथीच्या तारखांशेजारी ठेवलं. या दोन वर्षांत साथीचे १३ दिवस होते आणि तेराच्या तेरा दिवशी बंदरात सोयाबीन उतरत होतं. इतर २५ प्रकारच्या मालांपैकी फक्त गव्हाचा थोडा संबंध दिसला, आणि सोयाबीनचा हिशेब वेगळा काढल्यावर तोही टिकला नाही. साथीच्या प्रत्येक दिवशी हवेचा दाब जास्त होता आणि बंदराकडून शहराकडे येणारा मंद वारा होता. त्या दिवसांच्या हवेच्या नमुन्यांत सोयाबीनच्या टरफलाच्या पेशी आणि पिठूळ कण सापडले.

वारा अनुकूल नसताना सोयाबीन उतरलं तर शहराला काही होत नसे. म्हणजे कुणी नुसतं एका सोयाबीनच्या दिवसाकडे पाहून ‘बघा, आज उतरलं आणि कुणीच आजारी नाही’ असं म्हटलं असतं, तर खरा धागा हातातून सुटला असता. आणि कुणी नुसत्या साथीच्या दिवसांकडे पाहिलं असतं, तर त्या दिवशी बंदरात जे जे चाललं होतं ते सगळंच आरोपी ठरलं असतं. निकाल लागला तो साथीचे आणि बिनसाथीचे दिवस एकाच कागदावर आल्यामुळे.

पुढे त्यांनी रक्ताची चाचणी केली. साथीत सापडलेल्या ८६ रुग्णांपैकी ६४ जणांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धची ॲलर्जीची प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) मिळाली. तुलनेसाठी घेतलेल्या, साथीत न सापडलेल्या ८६ दमेकऱ्यांपैकी फक्त चौघांत. बंदरातल्या एका धान्यकोठाराच्या माथ्यावर धूळ अडवणाऱ्या पिशव्यांचे फिल्टरच नव्हते. १९८७मध्ये ते बसवले आणि पुढची दोन वर्षं तपासली, साथीचा एकही दिवस सापडला नाही. सात वर्षं शहराला कोड्यात टाकणारी गोष्ट कापडी पिशव्यांनी थांबली, हे मी आजही नवख्या आरोग्यसेवकांना सांगतो.

इथे घाई करू नका. तुमचं गाव सोयाबीनच्या पट्ट्यात असेल, मोंढ्यात पोती पडत असतील, तरी तुमच्याकडेही तेच आहे असं मी म्हणत नाही. सोयाबीन खाण्याशीही त्या साथीचा संबंध नव्हता, दोष उडालेल्या टरफलाच्या धुळीचा होता. मला त्यातून तुम्हाला फक्त पद्धत द्यायची आहे.

म्हणून वहीच्या मागच्या पानापासून दुसरा तक्ता सुरू करा. त्यात रुग्ण नको, दिवस हवेत. १ ऑक्टोबरपासून आजपर्यंत प्रत्येक तारखेला एक ओळ, एकही दिवस न गाळता. त्या दिवशी किती नवे रुग्ण, हा पहिला रकाना. कुणीच नसेल तर शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका, कारण कोरी जागा म्हणजे विचारलंच नाही असा अर्थ होतो. मग क्रशर चालू होता की बंद. मोंढ्यात सौदे होते का, आवक कशाची. जवळपास मळणीयंत्र किंवा धान्य साफ करायची चाळणी चालली का. कचरा डेपो पेटला होता का. कुठे फवारणी झाली का. आणि वारा कुठून कुठे होता, जोराचा की पडलेला. वाऱ्यासाठी उपकरण लागत नाही, गच्चीवर बांबूला कापडाची पट्टी बांधा आणि रोज संध्याकाळी सात वाजता बघून लिहा. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी वारा पडला की चुलीचा धूर कसा पत्र्यांवरच रेंगाळतो ते तुम्ही पाहिलंच असेल, धूळही तशीच खाली अडकते.

दोन रकाने जास्त आखा म्हटलं ते शून्य आणि वारा हे. लोक नेमके तेच गाळतात.

अशीच नोंद आपल्या अंदाजात न बसणाऱ्या माणसांचीही ठेवा. १९७६च्या जुलैत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर न्यूमोनियाने माणसं दगावू लागली, एकूण २२१ रुग्ण, ३४ मृत्यू. अधिवेशनात न गेलेली, फक्त त्या हॉटेलसमोरच्या फुटपाथवरून गेलेली माणसंही आजारी पडली होती, आणि एकमेकांकडून मात्र तो आजार पसरत नव्हता. तेव्हाच हवेवर नजर गेली. विषाणूजन्य ताप, निकेलसारखी विषारी धातू असे तर्क महिनोन्‌महिने चालले, आणि जानेवारी १९७७मध्ये शास्त्रज्ञ जोसेफ मॅकडेड यांना जपून ठेवलेल्या नमुन्यांतून लिजिओनेला हा जिवाणू ओळखता आला. नमुने टाकून दिले असते तर काहीच हाती लागलं नसतं. तुमच्याकडेही डॉक्टरांना सांगा की नव्या रुग्णाच्या घशाचे नमुने पहिल्या तीन-चार दिवसांतच घेतले जावेत. उशीर झाला की पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेपर्यंत नमुना पोचूनही त्यातून काही निघणं अवघड होतं.

तर ही वही कुणाला द्यायची? तुमच्या भागातल्या आशाताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, त्यांना प्रत्येक घर ठाऊक असतं आणि लोक त्यांना खरं सांगतात. मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज, त्याला दोन्ही तक्त्यांची प्रत जोडून, पोच घेऊन. एक प्रत जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४पासून याच कामासाठी आहे, एका भागात नेहमीपेक्षा जास्त रुग्ण दिसले तर येऊन बघणं हे त्यांचं काम आहे. नुसती तक्रार आली की ती फाईलला लागते, हे मी आतून पाहिलंय. तारखा आणि तासांसह यादी आली की पथक पाठवावंच लागतं.

नावं वेगळ्या कागदावर ठेवा आणि तो कागद फक्त तुमच्या आणि आशाताईंच्या हाती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यादी टाकू नका. खोकल्याच्या यादीत नाव आलं म्हणून क्षयाचा संशय घेऊन मुलीचं लग्न मोडलेलं मी पाहिलंय.

क्रशरची धूळ निरुपद्रवी आहे असा माझ्या बोलण्याचा अर्थ काढू नका. दगडाच्या धुळीतून होणारा सिलिकोसिस तिथे राबणाऱ्यांची फुप्फुसं वर्षानुवर्षं कठीण करत नेतो, आणि तिथे पाणी मारलं जात नसेल, पत्र्यांचं कुंपण नसेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्याची वेगळी तक्रार जरूर करा. ती आजच करा, तिला वहीची वाट बघायची गरज नाही. पण रात्रीच्या धापेचा दोष त्याच्या माथी आताच मारू नका. समजा क्रशर आठवडाभर बंद राहिला आणि तुमचे रुग्ण तरी येतच राहिले, तर गावाचा धीर सुटेल, अधिकारी पुढचं ऐकणार नाहीत, आणि जे काही खरोखर त्या रात्री हवेत होतं ते तसंच राहील.

मागच्या तारखा आठवायला डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलचं बिल आणि मोबाइलमधले कॉल उपयोगी पडतात, त्या रात्री रिक्षावाल्याला फोन किती वाजता केला ते तिथे असतं. दहा दिवसांचा तक्ता भरला की नावं गाळून इथे टाका. मी आणि इथले आणखी दोघे-तिघे जुने लोक मिळून बघू. पट्टी मात्र उद्या संध्याकाळीच बांधा, मागच्या दिवसांचा वारा कुणाला विचारून मिळत नाही.