ल्यूथरने सैतानावर खरोखर शाईची दौत फेकली होती का? सुरुवातीचे प्रोटेस्टंट लोक सैतानाला काय समजत?

दौत फेकल्याचे मार्टिन ल्यूथरने (सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक) स्वतः कोठेही लिहिलेले नाही. ती कथा त्याच्या मृत्यूनंतर (१५४६) पुष्कळ काळाने पसरली आणि जर्मनीतील वार्टबुर्ग किल्ल्यातील त्याच्या खोलीच्या भिंतीवरचा डाग प्रवाशांसाठी वेळोवेळी नव्याने रंगवला जात असे.

हीच दौत आमच्या घरात पुरावा म्हणून पुढे आली होती, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या धाकट्या भावाला नैराश्याने ग्रासले होते व डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतले. तिथे भुते काढणे कोणी पाहिले नव्हते. तरीही मामांनी बाहेरगावचा एक प्रचारक बोलावला. त्याने भावाच्या कपाळाला तेल लावले, डोके दोन्ही हातांनी दाबून धरले आणि आतल्या दुरात्म्याला दरडावून नाव विचारले. भाऊ घाबरून स्वतःचेच नाव सांगत राहिला. मग आज्ञा झाली, ती गोळ्या बंद करून बंद खोलीत एकट्याने उपास करण्याची. मी विरोध केला, तेव्हा मामा म्हणाले, “अगं, ल्यूथरनेसुद्धा सैतानाला दौत मारली होती!”

मामांना ल्यूथर मुळीच माहीत नाही. त्याच्या मुलाचा शिक्षक हिरोनिमस वेलर असाच खचला असताना ल्यूथरने १५३० साली त्याला पत्र लिहून एकटे राहू नकोस, लोकांत मिसळ, थट्टामस्करी कर, थोडी जास्त पी, असे बजावले होते. ल्यूथरच्या दृष्टीने सैतानाचे खरे काम अंगात शिरून किंचाळण्याचे नव्हते. ‘तू पापी आहेस, देवाने तुला टाकले आहे’ असे मनाला पटवून माणसाला निराश करण्याचे होते, आणि त्यावरचा उपाय म्हणजे देवाच्या वचनावरचा विश्वास व सैतानाची यथेच्छ टिंगल. जिनिव्हाचा धर्मसुधारक कॅल्व्हिन याने तर सैतानाला देवाच्या लगामातच ठेवले: परवानगीवाचून त्याला काहीही करता येत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाला हाकलण्याचा विधी ल्यूथरने १५२६ मध्ये आटोपशीर करून ठेवला, कॅल्व्हिनने तो वगळला, आणि इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात १५४९ मध्ये असलेला हा विधी १५५२ मध्ये काढून टाकण्यात आला. पुढे तेथे जॉन डॅरेल नावाच्या भुते काढणाऱ्या प्रचारकावर लबाडीचा ठपका बसला, आणि १६०४ च्या नियमाने बिशपच्या परवान्याशिवाय उपास-प्रार्थनेने भुते काढण्यास पाळकांना मनाई केली. उपास-प्रार्थनेने! मामांनी हे आवर्जून वाचावे.

अर्थात ल्यूथर मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. वादळे आणि आजार यांमागे सैतान असतो असे तो अक्षरशः मानत असे. जर्मनीतील डेसाऊ येथील एका मुलाला सैतानाने बदलून ठेवलेले मूल समजून त्याला नदीत बुडवावे, असा भयंकर सल्लाही त्याने दिला होता. शिवाय चेटकिणी ठरवून बायकांना मारण्यात प्रोटेस्टंट मुलूख मागे नव्हते. तेव्हा त्याचे शब्द उपचार म्हणून घेऊ नयेत.

तुमच्या प्रश्नामागे घरातला असाच प्रसंग असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका, आणि ल्यूथरचा दाखला देणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हातात वेलरला लिहिलेले पत्र ठेवा. आमच्या मामांनी ते अजून उघडलेले नाही.