नोटीस घ्या, राजीनामा देऊ नका

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतल्या 60 कामगारांच्या मशीनशॉपमध्ये मी टर्नर आहे. काम कमी झालं म्हणून कंपनीने कपातीची एक महिन्याची नोटीस दिली. ती संपेल तेव्हा माझी नोकरी 9 वर्षं 7 महिने होईल. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये आहेत. साहेब म्हणतात, 'आजच राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो. नाहीतर शिल्लक रजा याच महिन्यात संपवा.' काय करू?
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : राजीनाम्यावर सही करू नका. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला कपातीची नुकसानभरपाई मिळत नाही, आणि तुमच्या बाबतीत ती किमान 91,000 रुपये होते. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे अर्ध्या महिन्याचे 9,100. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून गुणिले 10.

ग्रॅच्युइटी याशिवाय. तिथे महिना 26 दिवसांचा धरतात : 18,200 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 10, म्हणजे 1,05,000. बरेच हिशेबनीस इथेही 30 ने भागतात आणि कामगाराचे 14,000 बुडतात. हिशेबाच्या कागदावर भागाकार स्वतः तपासा. 'ग्रॅच्युइटी दिली, त्यातच भरपाई आली' हे ऐकून घेऊ नका. दोन्ही रकमा वेगळ्या.

आज सही केलीत तर सेवा 9 वर्षं 6 महिन्यांवर थांबते. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ भरला तरच पुढचं वर्ष धरतात, त्यामुळे ग्रॅच्युइटीचे 10,500 जातील. पीएफच्या पेन्शनलाही हा महिना मोलाचा आहे. तिथे साडेनऊ वर्षं भरली की दहा धरतात आणि 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो. मात्र बिनपगारी दिवस त्यातून वजा होतात. म्हणून पासबुकात महिनावार वर्गणी बघा, आणि पेन्शनसाठी 10-सी फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठीच्या सेवेचा दाखला, मागा.

नोटिशीच्या महिन्याचा पगार पूर्ण मिळतो. तुम्ही हजर असताना कंपनीने काम दिलं नाही तरीही. पीएफ नेहमीसारखा भरला गेला पाहिजे, आणि पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणीही. हजेरीची नोंद रोज झाली का ते पाहा, गेटवर अडवलं तर त्याच दिवशी लेखी कळवा. रजेच्या अर्जावर दबावाखाली सही नको. शिल्लक रजा नोटिशीच्या मुदतीत धरू नये, असं 1948 च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं; तो कायदा नोव्हेंबर 2025 मध्ये रद्द झाला. त्या रजेचे पैसे मागा. वर्षात 30 दिवस काम झालं असेल तर बोनसही, किमान 8.33 टक्के.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तरी एक महिना आणि 15 दिवस हे आकडे तेच आहेत. सरकारची पूर्वपरवानगी मात्र आता 300 कामगारांपासून लागते, तुमच्याकडे ती लागणार नाही. नव्या कायद्यात आणखी 15 दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्या कामगारांसाठीचा निधी) 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचा आहे. हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून अर्जात आवर्जून लिहा.

भरपाई कामावरून कमी करतानाच द्यावी लागते, 'पुढच्या महिन्यात चेक' चालत नाही. राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत, ग्रॅच्युइटी 30 दिवसांत. कमी रक्कम हातात ठेवली तर 'हक्क राखून स्वीकारली' असं लिहूनच सही करा आणि सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार द्या. सोबत नेमणूकपत्र, नोटीस, पगाराच्या स्लिपा. तुमच्याच कामावर तुमच्यानंतर लागलेला टर्नर कंपनीने ठेवला असेल तर तेही नोंदवा. कपातीत शेवटी आलेला आधी जातो.

प्रश्न : साताऱ्यात सुपरवायझर आहे, पगार 26,000. मलाही हेच लागू?

उत्तर : 18,000 वर पगार असलेला खरा सुपरवायझर 'कामगार' धरला जात नाही, त्यामुळे नोटिशीसाठी नेमणूकपत्रातली अट बघावी लागेल. पण पद नव्हे, प्रत्यक्ष काम मोजतात. दिवसभर स्वतः मशीन चालवत असाल, कुणाची रजा मंजूर करत नसाल, तर तसे पुरावे आताच गोळा करा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुम्हालाही आहेच.