निवृत्तीच्या पैशातून घर घ्यावे का?

प्रश्न : माझा मुलगा आणि सून सिंगापूरचे कायम रहिवासी झाल्यापासून त्यांच्या पगारातून तिथल्या सेंट्रल प्रॉव्हिडंट फंडासाठी बरीच मोठी कपात होते. याच पैशातून सरकारी सदनिका घेता येते, असे मुलगा सांगतो. आपल्याकडेही पीएफ म्हाडासारख्या घरांसाठी मोकळेपणाने वापरू द्यावा, की म्हातारपणाच्या शिदोरीला हात लावू नये? – एक निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : माझ्या मते वापरू द्यावा; मात्र त्यातला काही भाग घरासाठी कधीच काढता येऊ नये आणि घर विकल्यावर काढलेली रक्कम पुन्हा खात्यात जमा झाली पाहिजे.

सिंगापूरमध्ये हा निधी 1955 मध्ये सुरू झाला तो निव्वळ निवृत्तीसाठी. सरकारी घरे बांधणारे गृहनिर्माण मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले आणि 1968 पासून निधीतला पैसा या घरांसाठी वापरण्याची मुभा मिळाली. आज 55 वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या पगारावर, ठरावीक मर्यादेपर्यंत, कर्मचारी 20 टक्के आणि मालक 17 टक्के भरतो. तरुण कर्मचाऱ्याच्या या 37 टक्क्यांपैकी 23 टक्के साधारण खात्यात जातात आणि घरासाठी तेवढेच खाते उघडे असते. उरलेला भाग आजारपण आणि म्हातारपण यांसाठी राखलेला असतो.

खरी मेख मात्र विक्रीच्या वेळी कळते. समजा, एखाद्याने घर घेताना या खात्यातून एकरकमी 1,00,000 डॉलर काढले आणि 20 वर्षांनी घर विकले. काढलेल्या रकमेवर 2.5 टक्के चक्रवाढ व्याज धरून सुमारे 1,63,900 डॉलर विक्रीच्या रकमेतून त्याच्याच निधी खात्यात परत जातात आणि राहिलेले पैसेच हातात पडतात. ही सक्ती अनेकांना जाचक वाटते, पण घरात गेलेला पैसा पुन्हा निवृत्तीच्या वाटेला लागतो तो तिच्यामुळेच. घर विकायचे नसेल, तर 65 वर्षांवरील पात्र मालक 2009 पासून सदनिकेच्या 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याची शेवटची काही वर्षे मंडळाला विकून त्याच घरात राहू शकतात आणि त्या पैशाची भर आपल्या मासिक निवृत्तिवेतनात घालू शकतात.

या व्यवस्थेतही एक काच आहे. सदनिका 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते आणि मुदत संपली की ती मंडळाकडे जाते, त्यामुळे जुन्या घरालाच पुंजी मानून बसलेल्या वृद्धाला तिची किंमत घसरताना पाहावी लागू शकते. (पती-पत्नी दोघेही कायम रहिवासी असतील, तर त्यांना मंडळाची नवी सदनिका मिळत नाही, तीन वर्षांनंतर पुनर्विक्रीची घेता येते. तुमच्या मुलाने ती घेताना भाडेपट्ट्याची किती वर्षे उरली आहेत, हे आधी पाहावे.)

आपल्याकडे पीएफमधून घरासाठी पैसे काढण्याची सोय फार पूर्वीपासून आहे, पण ती रक्कम परत भरायची नसते. आज काढलेले 5 लाख खात्यातच राहिले असते आणि 8.25 टक्के दर टिकला असता, तर 20 वर्षांत त्यांचे सुमारे 24 लाख झाले असते. त्याबदल्यात गृहकर्जाचे व्याज वाचते हे खरे; म्हणूनच पैसे काढण्याला माझा सरसकट विरोध नाही. मात्र घर विकल्यावर तोच पैसा मुलाच्या धंद्यात किंवा लग्नकार्यात गेला, तर म्हातारपणासाठी काहीच उरत नाही आणि आपला नियम त्याला अडवत नाही.

याहून मोठी अडचण जमिनीची आहे. सिंगापूरने 1966 च्या भूसंपादन कायद्याच्या बळावर जमीन सरकारच्या ताब्यात आणली, त्यामुळे निधीतून आलेल्या पैशासमोर तेवढी घरेही उभी राहिली. मुंबई-ठाण्यात म्हाडाच्या सोडतीत घरांपेक्षा अर्ज कितीतरी पटींनी जास्त येतात. अशा ठिकाणी घरे न वाढवता केवळ पीएफ मोकळा केला, तर खरेदीदारांच्या हातातला पैसा वाढेल आणि खाजगी बाजारातले भाव त्यामागोमाग चढतील. म्हणून आधी सरकारी जमिनीवर म्हाडाची घरे वाढवावीत आणि पीएफची वाढीव सवलत फक्त त्या घरांपुरती, परतफेडीच्या अटीसह द्यावी.