कपाळाकडचे केस नाजूक असतील तर क्रोशे वेण्या घालायच्या आधी

अगं, कपाळाकडचे केस नाजूक असले तरी क्रोशे वेण्या जमतील का म्हणून विचारलंस ना? आपल्या केसांच्या वेण्या डोक्यालगत घालायच्या आन आकड्यानं त्यात नकली केस ओवायचे, त्या या वेण्या. जमतील तुला, पण आधी आरशात कानशिलाजवळ नीट बघ. तिथं बारीक पुळ्या, लाली असेल नाहीतर हात लावला की दुखायलं असेल तर आत्ता काहीच गुंफू नको, त्वचेच्या डॉक्टरला दाखव. सततच्या ओढीनं केस जातात त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, लवकर थांबवलं तर बहुतेक वेळा परत येतात, लई वर्षं ओढत राहिलं तर मुळंच जातात.

- पुढच्या कडेचे बोटभर केस मोकळेच सोड. नव्या पोरी इथंच चुकतात, पार कपाळापासून आवळत येतात.
- खालची, आपल्या केसांची वेणी सैल. आपले सरळ केस निसटतात म्हणून पार्लरवाली जास्त आवळती, तिला आधीच सांग. भुवया ताणल्या गेल्या, डोकं ठणकायलं, तर लगेच सोडायला लाव, दोन दिवसांत बसेल म्हणून गोळी खाऊन झोपायचं नाही.
- नकली केस हलके घे, कंबरेपर्यंतचा हट्ट पहिल्याच वेळी कशाला?

आन मे महिन्यात लातूर-परभणीच्या उन्हात हे करूच नको बाई, घामानं खाज सुटती. टाळू पातळ शाम्पूनं धुवायची, पार मुळापर्यंत वाळवायची, ओलं ठेवलं की वास. सहाएक आठवड्यांच्या वर ठेवू नको, मग थोडे दिवस केसांना सुट्टी.

आकड्याचे आन गाठींचे प्रकार नंतर बघू. काढताना घाई नको, आपली वेणी कुठं संपती ते चाचपून त्याच्या खालीच कात्री चालव.